तांब्यातले पाणी, पितळेतले दूध

वाईसारख्या कृष्णाकाठच्या गावात तांबे हा धातू देवघर, माजघर आणि न्हाणीघर या तिन्ही ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. संध्येची पळी-पंचपात्री, पूजेचे ताम्हण, शिवपिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र, काशीयात्रेहून आणून देवघरात जपलेला गंगेचा मोहोरबंद गडू, पिण्याच्या पाण्याची कळशी, आंघोळीच्या पाण्याचा बंब असा त्याचा पसारा होता आणि जुन्या वाड्यांतून तो अजूनही पुरता आवरला गेलेला नाही. रात्री तांब्याच्या भांड्यात भरून ठेवलेले पाणी सकाळी प्यावे, ही त्यातलीच एक चाल. मधल्या काळात स्टीलने आणि प्लॅस्टिकने ती मागे सारली होती, परंतु गेल्या काही वर्षांत तांब्याच्या बाटल्यांच्या रूपाने ती घरोघर परतली आहे. या चालीला प्रयोगशाळेचा आधार मिळाला आहे हे खरे; तथापि तो काही अटींसह मिळाला आहे, आणि त्या अटी सुटल्या की काय घडते याचा पुरावा वाईपासून फार लांब नसलेल्या पुण्याच्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या मृत्यूंच्या रूपाने नोंदला गेला आहे. तांब्याच्या गुणांची कथा सांगताना तिचा हा उत्तरार्ध बहुधा गाळला जातो, आणि तो गाळला जाऊ नये इतका मोलाचा आहे.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावून धोमवरून वाईत येते, तेव्हा ती अजून लहान नदी असते. गंगापुरी, धर्मपुरी, मधली आळी, गणपती आळी अशा आळ्यांचे घाट तिच्या काठाने एकापुढे एक बांधलेले आहेत. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ त्यांतल्याच एका घाटावर उभे आहे. याच घाटांवर दरवर्षी आळीआळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो आणि गुरू कन्या राशीत गेला की बारा वर्षांनी कन्यागताची पर्वणी भरते. नळ येण्यापूर्वी स्नान, धुणे आणि पिण्याचे पाणी या तिन्ही गोष्टी एकाच प्रवाहावर चालत. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी यात्रांच्या आणि पर्वण्यांच्या वाटेनेच पसरत. अशा गावांत पाणी फडक्याने गाळून तांब्या-पितळेच्या भांड्यांत रात्रभर ठेवले जात असे, तेव्हा ते ठेवणाऱ्यांना जिवाणूंची कल्पना नव्हती. त्यांच्यापुढे होता तो शुचितेचा विचार आणि पाणी गार व गोड लागते हा अनुभव.

युरोपातही या गुणाची चाहूल प्रयोगशाळेच्या आधी कामगारांच्या वस्तीत लागली. व्हिक्टर बर्क या फ्रेंच वैद्याच्या १८५२ च्या सुमारास असे ध्यानात आले की पॅरिसमध्ये तांब्याच्या भट्टीवर काम करणारे लोक पटकीच्या साथीतून नवलाने बचावतात. पुढे कार्ल फॉन नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने तांब्याच्या पाण्यात ठेवलेली शैवाले मरतात असे दाखवले, आणि अत्यल्प मात्रेतील धातूच्या या मारक परिणामाला त्याने ‘ऑलिगोडायनॅमिक’, म्हणजे थोडक्या प्रमाणातही प्रभावी ठरणारा, असे नाव दिले. त्याचे हे लेखन त्याच्या निधनानंतर, १८९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

तांबे जंतूंना मारते म्हणजे नेमके काय करते, याचा उलगडा त्यानंतर शंभर वर्षांनी होत गेला. ओल्या पृष्ठभागावरून किंवा पाण्यात उभ्या असलेल्या भांड्याच्या भिंतीवरून तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, सुटत राहतात. जिवाणूच्या पेशीला बाहेरून झाकणारे जे पातळ आवरण असते त्याला हे कण इजा करतात, त्यातून पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपू लागतात आणि आणखी तांबे आत शिरते. आत गेलेले तांबे एका विद्युतभारातून दुसऱ्यात सहज जात असल्यामुळे ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होण्यास हातभार लागतो. शिवाय पेशीच्या श्वसनासाठी आणि अन्नपचनासाठी लागणाऱ्या काही विकरांच्या गाभ्यात लोह व गंधक यांची जी जुळणी असते, ती तांबे उखडून टाकते. प्रतिजैविक औषध बहुधा जंतूच्या एखाद्या ठरावीक यंत्रणेवर घाव घालते, तर तांबे अनेक ठिकाणी एकदम घाव घालते, म्हणून त्याला पुरून उरणे जंतूला अवघड जाते. ते अशक्य मात्र नाही. तांबे पेशीबाहेर उपसून टाकणारे प्रथिनांचे पंप कित्येक जिवाणूंपाशी मुळातच असतात, आणि डुकरांच्या खाद्यात वाढीसाठी तांब्याचा क्षार मिसळणाऱ्या देशांत तांब्याला दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या जाती आढळल्या आहेत. माणसाच्या शरीरातील भक्षकपेशीदेखील गिळलेल्या जंतूला मारताना त्याच्यावर तांब्याचा मारा करतात. म्हणजे जे हत्यार भांड्यात चालते तेच रक्तातही चालते, फक्त तेथे त्याची मात्रा शरीराच्या कडक ताब्यात असते.

भारतात या चालीची काटेकोर तपासणी बंगळूरच्या आयुर्वेद संशोधन संस्थेने कोलकात्याच्या राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्थेच्या साहाय्याने केली आणि तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पिण्याच्या पाण्यात पटकी, आमांश, विषमज्वर आणि हगवण यांचे जिवाणू मुद्दाम, दर मिलिलिटरला सुमारे ५०० या प्रमाणात मिसळले गेले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यांत १६ तास सामान्य तापमानाला ठेवले गेले. त्यानंतर एकही जिवंत जिवाणू हाती लागला नाही. काचेच्या भांड्यातील पाण्यात मात्र ते टिकून होते. पाण्यात उतरलेले तांबे लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम भरले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकात ०.०५ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा असून दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिलेली आहे, म्हणजे हे पाणी इष्ट मर्यादेच्या वर परंतु धोक्याच्या रेषेच्या पुष्कळ खाली होते. त्याआधी २००५ मध्ये चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील संशोधकांनी पितळी घागरींवर असाच प्रयोग केला होता. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्या घागरींत ४८ तासांनी जिवाणू सापडेनासे झाले होते, प्लॅस्टिकच्या भांड्यांत तसे घडले नव्हते.

या दोन्ही प्रयोगांत जो भाग बातम्यांमध्ये हरवतो तो वेळेचा आहे. कळशी भरल्याबरोबर त्यातले पाणी निर्जंतुक होत नाही. त्याला रात्र उलटावी लागते. बंगळूरचा प्रयोग जिवाणूंवर होता, विषाणूंवर किंवा आमांशाच्या अमीबाच्या कवचयुक्त अवस्थेवर नव्हता, त्यामुळे त्याचा निष्कर्ष तेवढ्यापुरताच घ्यावा लागतो. पाणी गढूळ असेल तर मातीचे आणि कुजक्या पाल्याचे कण तांब्याला बांधून ठेवतात व जंतूंसाठी ते उरत नाही. पावसाळ्यात कृष्णेला येणारे लाल पाणी आधी निवळले आणि गाळले पाहिजे, ही आजीबाईंची शिस्त म्हणूनच अनाठायी नव्हती.

दुसरी अट घासण्याची आहे. तांबे हवेने आणि पाण्याने काळवंडते, त्यावर क्षारांचा व हातांच्या तेलकटपणाचा थर चढतो, आणि तो थर धातूला जंतूपासून दूर ठेवतो. १९८३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातील एका रुग्णालयात फिलिस कून या संशोधिकेने दारांच्या मुठींवरील जंतूंचा अभ्यास केला, तेव्हा पितळी मुठी स्वतःला काही तासांत निर्जंतुक करतात आणि चकचकीत, स्वच्छ दिसणाऱ्या स्टीलच्या मुठींवर जंतू सुखाने राहतात असे तिला आढळले. ताजे घासलेले पितळ सर्वांत लवकर काम करते, हेही तिने नोंदले. चिंच, मीठ आणि राख यांनी रोज सकाळी पूजेची भांडी उजळवणाऱ्या घरात हे काम वेगळे करावे लागत नसे. चमक टिकावी म्हणून पितळी मुठीवर लाखेचा किंवा रंगहीन रोगणाचा हात दिला, तर ती मूठ दिसायला पितळी आणि गुणाने प्लॅस्टिकची होते.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची, आणि जुन्या संसाराने ती कल्हईच्या रूपाने सांभाळली होती. ताक, चिंचेचे सार, आमटी असा आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेत राहिला की तो कळकतो, त्याला हिरवट रंग आणि तुरट, मळमळ आणणारी चव येते, कारण आम्लात तांबे पाण्याच्या कित्येक पट अधिक विरघळते. आंबटपणा मोजण्याच्या परिमाणाला सामू म्हणतात, तो ७ असला की पदार्थ उदासीन आणि त्याखाली आम्लधर्मी असतो. ज्याचा सामू ६ पेक्षा कमी आहे अशा अन्नाचा उघड्या तांब्याशी संबंध येऊ देऊ नये, असे अमेरिकेची अन्नसुरक्षा नियमावली सांगते. हेच काम कल्हईवाला करीत असे. अंगणात खड्डा करून भाता लावायचा, पातेले निखाऱ्यांवर लालसर तापवायचे, त्यात नवसागराची चिमूट टाकून पांढऱ्या धुराच्या लोटाबरोबर धातूवरील मळ जाळायचा, कथलाची कांडी टेकवून वितळवायची आणि कापसाच्या बोळ्याने ती आतून सर्वत्र फिरवून पातेले पाण्यात बुडवायचे, म्हणजे आतला भाग चांदीसारखा पांढरा होतो आणि अन्नाचा तांब्याशी संपर्क तुटतो. पाण्याच्या कळशीला आतून कल्हई नाही आणि स्वयंपाकाच्या पातेल्याला ती असलीच पाहिजे, या साध्या विभागणीत तांब्याच्या मात्रेचे सगळे शास्त्र सामावलेले होते. कल्हई काही महिन्यांत झिजते आणि पुन्हा करावी लागते. कल्हईवाला गावात येईनासा झाला, आणि पातेली मात्र वापरात राहिली.

या निष्काळजीपणाची किंमत कोणी मोजली, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधनाने दाखवून दिले. लहान मुलांमधील यकृताच्या एका जीवघेण्या विकाराने विसाव्या शतकात भारतातील बालरोगतज्ज्ञांना हतबल केले होते. वैद्यकाने त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ म्हणजे भारतीय बालयकृतकाठिण्य असे नावच देऊन टाकले होते. साधारण सहा महिने ते पाच वर्षे या वयातील मूल चिडचिडे होई, त्याचे पोट फुगे, यकृत हाताला टणक लागे, पुढे कावीळ आणि पोटात पाणी होऊन बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरातील पाठची भावंडेही त्याला बळी पडत, त्यामुळे तो घराण्याचा दोष मानला जाई. या मुलांच्या यकृतात तांबे प्रचंड प्रमाणात साठलेले सापडले: निरोगी यकृताच्या सुक्या वजनाच्या दर ग्रॅममागे ते ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते, येथे ते अनेकदा ८०० च्या वर भरे.

डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी हे तांबे कोठून येते याचा माग काढला. त्यांनी आजारी मुलांच्या आयांना आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या आयांना एकच गोष्ट खोदून विचारली: बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले आणि ते कोणत्या भांड्यात तापवले व ठेवले. आजारी मुलांना आईचे दूध लवकर तोडून गाईचे किंवा म्हशीचे दूध दिलेले होते, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात तापवून ठेवलेले होते, असे चित्र पुन्हा पुन्हा पुढे आले. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ही शक्यता मांडली आणि १९८७ मध्ये तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते, म्हणून पितळी भांड्यात उकळलेले दूध पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तांबे उचलते. आणि पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची पुरती ताकद आलेली नसते. तांब्याला बांधून लघवीवाटे काढणारे पेनिसिलामाइन हे औषध वेळेत दिले तर काही मुले वाचतात, हेही याच गटाने दाखवले. परंतु त्याहून मोठे काम साध्या सल्ल्याने झाले: अंगावर पाजा, आणि वरचे दूध द्यायचेच तर भांडे बदला. ज्या घरांत आधीचे मूल गेले होते तेथे पुढच्या बाळाच्या बाबतीत हा सल्ला पाळला गेला तेव्हा आजार टळला, हे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. आज हा विकार इतका दुर्मीळ आहे की तरुण बालरोगतज्ज्ञांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासातील हे यश ज्या मानाने सांगितले जायला हवे त्या मानाने सांगितले जात नाही.

या निष्कर्षावर वाद झाले आणि ते योग्यच होते, कारण पितळी भांडी लाखो घरांत होती आणि आजार त्यांतील थोड्याच घरांत होत असे. उत्तराचा एक धागा ऑस्ट्रियातील टायरोल या डोंगराळ प्रांतात मिळाला. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले अशाच यकृतविकाराने दगावल्याची नोंद १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाली. तेथेही गाईचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत करण्याची पद्धत होती, ती भांडी गेली आणि आजार गेला. मात्र वंशावळी पाहता आनुवंशिक दुबळेपणा आणि जादा तांबे या दोहोंचा मेळ बसला तरच आजार उद्भवत असावा असे दिसले. कोणत्या बाळात तो दुबळेपणा आहे हे आधी कळत नाही, त्यामुळे भांडे सर्वांनीच बदलणे हा एकच व्यवहार्य मार्ग ठरतो.

धर्मकोशाची आणि मराठी विश्वकोशाची परंपरा असलेल्या वाईत एका गोष्टीची आठवण देणे अप्रस्तुत होणार नाही. तांब्याच्या पात्रात दूध घालू नये, शिवाला दुधाचा अभिषेक करायचा तर तो तांब्याच्या पात्रातून करू नये, असा निषेध पुरोहितवर्गात आजही सांगितला जातो आणि पाण्याच्या अभिषेकाला मात्र तांबेच प्रशस्त मानले जाते. हा निषेध घालणाऱ्यांना यकृताचे रसायन ठाऊक होते असा दावा करणे चुकीचे होईल. दूध तांब्यात नासते, कळकते, एवढे निरीक्षण त्यासाठी पुरेसे होते. परंतु देवासाठी पाळलेला हा नियम बाळाच्या दुधाला लावला गेला नाही, आणि निषेध तांब्यापुरता राहिल्याने ज्यात निम्म्याहून अधिक तांबेच असते ते पितळ त्यातून निसटले, ही खेदाची गोष्ट आहे.

पाण्यावरून लक्ष आता पृष्ठभागांकडे वळले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून मान्यता दिली. नियमित साफसफाई होत असेल तर दोन तासांत ९९.९ टक्के जिवाणू मरतात, असे म्हणण्याची मुभा उत्पादकांना मिळाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील तीन रुग्णालयांच्या चाचणीत अतिदक्षता विभागातील खाटांचे कठडे, सलाइनचे खांब आणि खुर्च्यांचे हात यांवर तांबे बसवले असता रुग्णालयातच जडणाऱ्या संसर्गांचे प्रमाण ८.१ वरून ३.४ टक्क्यांवर आले. २०२० मध्ये करोनाचा विषाणू तांब्यावर चार तासांनंतर जिवंत सापडला नाही, तर प्लॅस्टिक आणि स्टील यांवर तो तीन दिवसांपर्यंत टिकला. त्याच वर्षी कपूरथळ्याच्या रेल्वे डबा कारखान्याने तांब्याचा मुलामा दिलेले कठडे व कड्या असलेला डबा तयार केला. जुनी ग्रामीण रुग्णालये आणि शाळा यांच्या नूतनीकरणात पितळी कड्या भंगारात जातात, तेव्हा निदान त्या उतरवण्यापूर्वी एकदा विचार व्हावा.

कृष्णेच्या खालच्या अंगाला, सांगली जिल्ह्यातील तासगावच्या द्राक्षबागांत, तांब्याचा हाच गुण टनांच्या हिशेबाने वापरला जातो. फळछाटणीनंतर पाऊस आणि धुके लांबले की कोवळ्या पानांवर केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू हा बुरशीसारखा रोग, पसरतो, आणि त्यावरचा जुना उपाय बोर्डो मिश्रण हाच आहे. फ्रान्समधील बोर्डो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना शिंपडत. त्या वेली रोगातून वाचलेल्या पाहून मिलार्दे या प्राध्यापकाने १८८५ मध्ये हे औषध जगापुढे आणले. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून शंभर लिटर पाण्यात एकत्र करतात. तयार झालेल्या आकाशी द्रावणात लोखंडाचा विळा किंवा खिळा बुडवून पाहतात: त्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे उरले आहे, पाने करपतील, म्हणून चुन्याची निवळी आणखी घालतात. पातेल्यात जे काम कथील करते तेच येथे चुना करतो, तो तांब्याला आवर घालतो आणि थोडे थोडे सोडतो. मात्र फवारलेले तांबे जमिनीतून जात नाही, वर्षानुवर्षे साठते. म्हणून युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातली आहे, आणि मोरचुदाच्या गोण्या रिचवणाऱ्या बागायतदारांनी मातीतील तांबे तपासून घेणे त्यांच्याच हिताचे आहे.

तांब्याची बाटली किंवा कळशी घरात असेल तर ती स्वच्छ, गाळलेल्या पाण्यासाठी वापरावी, रात्रभर ठेवावी, आतून नियमित घासावी आणि तिच्यात लिंबूपाणी, ताक किंवा सरबत कधीही भरू नये. साथीच्या दिवसांत पाणी उकळण्याला ती पर्याय ठरत नाही. विल्सन हा तांबे साठण्याचा आनुवंशिक विकार ज्यांना आहे त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. आणि ज्या घरात तान्हे मूल आहे तेथे त्याला सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पुढे वरचे दूध लागले तर ते स्टीलच्या भांड्यात तापवावे आणि ठेवावे. वारशाने आलेले पितळी पातेले कितीही देखणे असले तरी त्या दुधासाठी चुलीवर चढवू नये.